देवीचा अबोला

थोरल्या जाऊबाई गेल्या आणि माझं देवीशी बोलणंच खुंटलं. अंथुर्णे गावच्या घरात आम्ही दोघी सख्ख्या बहिणींसारख्या नांदलो. धारा काढताना त्या आरती धरायच्या, मी मागून सूर ओढायची. गवारीच्या तोडीला गेलो की बांधावर एकाच फडक्यातली भाकरी खायची. नवरात्रातल्या माळा आम्हीच ओवायचो. माझी वेडीवाकडी माळ त्या हसत उसवायच्या आणि पुन्हा ओवायच्या. काय दिवस होते ते!

त्यांच्या माघारी झोप उडाली, अन्न गोड लागेना. देवघरात बसले तर नुसतं पितळ दिसायचं. देवी रुसली असंच मी धरून चालले, म्हणून कुणाला सांगायचीही लाज वाटे. कालव्याकडं बघताना नको ते विचार येऊ लागले.

मुलानं डोळे दाखवायला बारामतीच्या दवाखान्यात नेलं. तो केसपेपर काढायला गेला आणि मी गर्दीत चुकून भलत्याच दारासमोर बसले. शेजारी फेटेवाले एक आबा होते. धिप्पाड, कान कुस्तीत मोडलेले.

"डोळ्यांचे डॉक्टर इथंच बसतात का?"

"न्हाय आक्का, हितं मनाचं बसत्यात. मालकीण गेली आन् माझं मन आजारी पडलं. आता गोळ्या हायत, डॉक्टरीणबाईंपाशी बोलणं हाय. बरं वाटतंय."

"आणि देव?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"त्यो कुठं जातोय? मलाच दिसत न्हवता."

मी तिथंच रडू लागले. मुलगा शोधत आला, तेव्हा आबाच त्याला म्हणाले, "डोळं मागनं बघा. आधी आईला हितं दाखवा."

जाऊबाई गेल्याचं मी सांगितलं, तर डॉक्टरीणबाईंनी आधी त्यांचं नाव विचारलं. कालव्याचं सांगितलं तेव्हा माझा हात धरला. "हे म्हातारपण नाही आजी, आजार आहे. बरा होतो," म्हणाल्या. मुलगा डोळे पुसत ऐकत होता.

गोळ्या आणि बोलणं सुरू झालं, तशी हळूहळू झोप लागू लागली. एका सकाळी कडकडून भूक लागली आणि देवीसमोर हात आपोआप जोडले गेले. आबा पुन्हा दिसले नाहीत. त्यांचं गावही मी विचारलं नव्हतं. त्यांना कुणी धाडलं, याचा वाद मी घालत नाही. देवी ज्याच्या हातून देईल त्याच्या हातून घ्यावं, एवढंच मला कळलं.

देवळात बायकांनी विचारलं, बारामतीला सारखं कशाला जाता? "मनाच्या डॉक्टरांकडं," मी सांगून टाकलं. सगळ्या पदर सावरत उठल्या. दुसऱ्या दिवशी शेजारची सखू अंगणात येऊन उभी राहिली. खाली बघत म्हणाली, "आक्का, पुढच्या खेपंला मला बी न्याल का?"

एसटीत मी तिला खिडकीजवळची जागा दिली.