कंपनीची किक

माझ्या मोटरसायकलला आणलेला एकही डुप्लिकेट पार्ट तिला नीट बसला नाही, आणि एकही दुकानात परत गेला नाही. ऐंशीच्या आसपास मी सिहोऱ्याला जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. आरशात मला फक्त माझा खांदा दिसायचा. हेडलाइटचा उजेड झाडांच्या शेंड्यांवर पडायचा, त्यामुळे कोणत्या झाडावर घुबड आहे ते मला पाठ होतं.

मग किक तुटली. तुमसरच्या मिस्त्रीनं नवी आणली, पण तिचं भोक लहान. इंजिनातून बाहेर आलेल्या दांड्यावर चढेना. त्यानं किक बाजूला ठेवली, कानस घेतली आणि दांड्याचेच दाते घासायला बसला.

"किक घासा ना भाऊ," मी म्हणालो.

"किक नवी हाय साहेब. नव्या मालाले कायले हात लावाचा? गाडी जुनी हाय, तिलेच घासू."

मी शिकलेला माणूस, पण मला हे पटलं. किक तिरकी बसली, दरवेळी पोटरी सोलायची, तरी तीन वर्षं गाडी तिच्यावरच चालू होत होती.

बायको डी.एड. होऊन चार वर्षं घरी बसली होती. शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखतीचं पत्र आलं, भंडाऱ्याला, सकाळी दहा वाजता. तिनं पातळाला खळ घालून ते आठ दिवस आधीच दोरीवर टाकलं. मला माझ्या नोकरीचाही इतका आनंद झाला नव्हता. अशा कामाला डुप्लिकेट किक नको, म्हणून मी नागपूरहून कंपनीची आणली. डबाबंद, सीलसकट.

आदल्या दिवशी घरीच बसवली. ती दांड्यावर इतकी अलगद गेली की मला भरून आलं. अस्सल माल असा असतो, हे मी बायकोला समजावूनही सांगितलं. जुनी किक भंगारवाल्याला दिली, त्यानं मुरमुरे दिले. संध्याकाळी अर्धी आळी अंगणात जमली. नव्या बैलाच्या पाठीवर जसा प्रत्येक जण हात फिरवून जातो, तशी प्रत्येकानं एकेक किक मारून पाहिली. मी कोणाला नाही म्हटलं नाही.

सकाळी बायको म्हणाली, "मले एसटीनंच जाऊ द्या जी."

"कंपनीची किक हाय," मी म्हणालो.

एसटी आमच्या दारावरून गेली. मग मी किक मारली. पाय हवेत मारल्यासारखा सरळ खाली गेला. मिस्त्रीनं घासून उरलेले दाते आळीनं संपवले होते.

खळ घातलेल्या पातळात तिनं मला गावाबाहेरपर्यंत ढकललं. गाडी चालू झाली. तुमसरच्या रेल्वे फाटकाशी बंद पडली, तिनं पुन्हा ढकललं. पुढे आणखी दोनदा. भंडाऱ्याला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. तिचं नाव दोन वेळा पुकारून झालं, असं कारकून म्हणाला आणि जेवायला गेला. ती नळावर हाताचं काळं धूत बराच वेळ उभी राहिली. मला तिच्याजवळ जायची लाज वाटली.

"जुनी काहून काढली जी?" परतीच्या वाटेवर ती एवढंच बोलली. "चालून राहिली होती ना."

पुढल्या वर्षी बहिणीला भेटायला म्हणून ती एसटीनं भंडाऱ्याला गेली आणि दोन दिवसांनी परतली. महिन्याभरानं पोस्टमननं तिच्या नावाची ऑर्डर आणून दिली, तेव्हा मला कळलं की दुसरी मुलाखत होऊनही गेली. मी पेढे आणले, आळीभर वाटले. आनंद खरा होता, पण मनाला लागलंही होतं. शेवटी विचारलंच.

"मले काहून नाही सांगितलं?"

तिनं पेढ्याचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"तुमी सोडाले आले असते जी," ती म्हणाली.