चादरी वाळतात ते बेट

मावशी आमच्या ऑफिसात आल्या की आधी खिडकीचा पडदा दोन बोटांत धरून बघायच्या. "दमट हाये, दादा," एवढं म्हणून झालं की मग खुर्चीत बसायच्या. एकदा त्यांनी माझ्या शर्टाची बाहीही तशीच चाचपली आणि घरी इस्त्री कोण करतं, ते विचारलं.

वलवणच्या एका बंगल्याच्या चादरी त्या धुवायच्या. तुम्ही पावसाळ्यात लोणावळ्याला येता, मनसोक्त भिजता, भजी खाता आणि कोरड्या चादरीवर झोपता. चार महिने जिथे ऊन नाही तिथे ती चादर कोरडी कशी, हे कधी मनात आलंय? माझ्याही आलं नव्हतं. मावशी बंगल्याच्या स्वयंपाकघरात दोऱ्या बांधून पंख्याखाली चादरी टांगायच्या आणि उरलेला ओलावा इस्त्रीनं काढायच्या.

माझं ट्रॅव्हल्सचं छोटं ऑफिस आहे. पाहुण्यांसाठी गाडी सांगायला त्या यायच्या. आमच्या भिंतीवर माल्टाचं पोस्टर होतं: भूमध्य समुद्रातलं बेट, पिवळ्या दगडाची घरं, निळं आभाळ. बाकीचे लोक त्यातला समुद्र बघायचे. मावशींना गल्लीत दोरीवर घातलेल्या चादरी दिसल्या.

"तितं लय ऊन असतंय व्हय?"

"भरपूर."

"मग दुपारपतुर वाळत असतील."

"मावशी, तिथे कपडे ओलेच होत नाहीत," मी म्हणालो. सगळं ऑफिस हसलं. मावशीही हसल्या.

पुढच्या मंगळवारी त्या पुन्हा आल्या. चार दिवस तिकडे जायचं तर काय काय लागतं? "पैशाचं तुमी नका बघू. पोरगा वराळ्याला कंपनीत हाये, मीबी साठवलंय." मी चेहरा गंभीर करून कागद ओढला आणि प्लॅन लिहून दिला. पहिला दिवस, पोहोचणे व आराम. दुसरा दिवस, सकाळी चादर धुणे, दुपारी वाळलेली बघणे. तिसरा दिवस, तीच चादर पुन्हा. चौथा दिवस, घडी घालून परत. खाली माझी सही आणि ऑफिसचा शिक्का. त्या गेल्यावर मी तो सगळ्यांना वाचून दाखवला. आज हे लिहितानाही कान तापतात.

त्यांनी तो कागद लॅमिनेट करून आणला. "पावसात भिजाया नको." मग विचारलं, "चिमटे आपले न्यायचे का तितं मिळतात?"

"आधी पासपोर्ट काढा, मग बघू," मी म्हणालो. हे आमचं ठरलेलं वाक्य आहे. गिऱ्हाईक टाळायचं असलं की ते सांगायचं, निम्मे तिथेच गळतात. मावशी पुण्याला तीन खेपा घालून पासपोर्ट घेऊन आल्या. चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा सगळी वस्ती जमली होती, हे त्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं. फोटोत नवी साडी होती. मी म्हणालो, सीझन संपू दे. मग म्हणालो, व्हिसाला गर्दी आहे. अशी वर्षभर वेळ मारून नेली. एकाही अर्जाला मी हात लावला नव्हता.

जुलैत, भर पावसात, त्या तारीख ठरवायलाच आल्या. मी फोनवर होतो. क्वचितच ऑफिसात येणारा माझा भागीदार शेजारच्या टेबलावरून हसत म्हणाला, "चादर बघायच्या सहलीच्या मावशी त्या याच का?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यांना सगळं कळलं.

"व्हय, मीच ती," त्या त्याला म्हणाल्या. समोरचा चहा सावकाश संपवला, छत्री घेतली आणि गेल्या. मी उठलो नाही. पलीकडच्यानं फोन कधीच ठेवला होता, तरी मी तो कानाला धरून बसलो.

त्या पुन्हा आल्या नाहीत. वलवण आमच्यापासून दहा मिनिटांवर आहे. माफी मागायला जायचं मी दोन वर्षं ठरवत होतो. यंदा मे महिन्यात एका ग्रुपबरोबर माल्टाला जाणं झालं. एका गल्लीत दोरीवर चादर होती. आसपास कोणी नाही असं बघून मी ती दोन बोटांत धरली. परत आल्यावर मात्र राहवेना. पाऊस सुरू झाल्यावर एकदाचा वलवणला त्यांच्या घरी गेलो.

दार सुनेनं उघडलं. आत्याबाई थंडीत गेल्या, म्हणाली. आत बोलावलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि तिच्या शेजारच्या खिळ्याला माझा प्लॅन, सहीशिक्क्यासकट.

"तुमीच का ते ट्रॅव्हल्सवाले दादा? लय नाव काढायच्या तुमचं. म्हणायच्या, दादांनी लय खटपट केली. माझंच गुडघं दुखाया लागलं, म्हून मीच न्हाई म्हणाले."

साऱ्या वस्तीला सांगून झालेलं होतं. लोकांनी हसत विचारलं असणार, का गेला नाहीत? ते हसू त्यांनी आपल्या गुडघ्यांवर घेतलं आणि मला मोकळं ठेवलं.

"खरंच वाळतात का वो तितं दुपारपतुर?" सुनेनं विचारलं.

"वाळतात. अकराला घातली तर एकला काढायची."

"आत्याबाई तेच म्हणायच्या."

खोलीत आडव्या दोरीवर चादर टांगलेली होती. बोलता बोलता तिनं चादरीचं टोक दोन बोटांत धरून बघितलं आणि पंखा वाढवला. मी चहा प्यायलो, आणि खटपट मी काहीच केली नव्हती हे तिला न सांगता निघालो.