प्रायश्चित्ताची चादर

स्टोक फॅरो गावात कोण किती पाण्यात आहे हे डॉर्कस हुपरला नेमकं माहीत होतं, पण ती कधी बोलायची नाही. गावाचं मळकं तिच्या अंगणात येई आणि पांढरं होऊन परत जाई. मधल्या गोष्टी ती पाण्याबरोबर ओतून देई. नवरा दगडाच्या खाणीत दगावला, मूलबाळ झालं नाही. राखेच्या पाण्यात वर्षानुवर्षं हात घालून बोटं इतकी निबर झाली होती की सुई टोचली तर आधी रक्त दिसे आणि मग कळे.

चर्चचं धुणंही तिच्याकडेच होतं. पाद्रीसाहेबांचा पांढरा झगा, वेदीवरचं कापड आणि चादर. चादर म्हणजे प्रायश्चित्ताची चादर. लग्नावाचून मूल झालेल्या पोरीने रविवारी भर उपासनेत ती अंगाभोवती गुंडाळायची, अनवाणी उभं राहायचं, हातात पांढरी काठी धरायची आणि गावासमोर मोठ्याने आपलं पाप सांगायचं. मग चादर डॉर्कसकडे. झगा आणि चादर ती एकाच भट्टीत उकळी. झग्याची गळपट्टी चादरीपेक्षा जास्त मळलेली असे, हे तिचं निरीक्षण. पण तेही ती कुणाला सांगत नसे. चादरीच्या वरच्या काठावर मात्र बारीक बारीक खुणा होत्या, कितीही धुतलं तरी न जाणाऱ्या. पाप सांगायची वेळ येईपर्यंत पोरी तो काठ दातांत धरून उभ्या राहत.

आदल्या साली पाद्री थर्लोसाहेबांनी कादंबऱ्यांवर चांगलं तासभर तोंड सोडलं होतं. खोट्या माणसांच्या खोट्या गोष्टी, पोरीबाळी नासवायचा सैतानाचा धंदा, असं ते मंचावर मूठ आपटून म्हणाले होते. मग लंडनहून एक नवी कादंबरी आली. ती वाचून म्हणे कुणा मोठ्या बिशपच्या डोळ्यांत पाणी आलं. झालं, साहेबांचा सैतान रातोरात देवदूत झाला! "माझ्या वीस प्रवचनांनी होत नाही ते ही एक गोष्ट करते," असं ते ज्याला त्याला सांगू लागले.

दर गुरुवारी त्यांच्या दिवाणखान्यात कादंबरी वाचली जाई. गोष्ट लुसिंडा नावाच्या गरीब, सरळ पोरीची होती. एका कॅप्टनने लग्नाचं वचन देऊन तिला फसवलं, पोटी मूल आलं, आणि ज्या दारी गेली ते दार बंद झालं. गावातल्या बायका चहा पीत ऐकत आणि ओक्साबोक्शी रडत. वाचायचे जमीनदारांचे पुतणे लायनेलसाहेब, कारण त्यांचा आवाज गोड होता. कॅप्टनच्या आणाभाका ते अशा वाचत की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस मनापासून बोलतोय.

सोमवारी त्या बायकांचे हातरुमाल डॉर्कसकडे येत, आसवांनी कडक झालेले. आणि इथेच, उभ्या आयुष्यात कधी नाही ती, डॉर्कस चुकली. तिला वाटलं, ज्या बायका कधी न पाहिलेल्या पोरीसाठी एवढं रडतात, त्या डोळ्यांसमोरच्या पोरीला कशाला छळतील?

टॅमसिन तिच्या मेलेल्या बहिणीची मुलगी. जमीनदाराच्या वाड्यावर कामाला होती. पोट दिसू लागताच तिला हाकलून दिलं, तेव्हा ती मावशीकडे आली आणि मावशीच्याच खाटेवर बाळंत झाली. ती कळा सोसत असतानाच सुईणीने दरडावून बापाचं नाव विचारलं. पोरीने सांगितलं: लायनेलसाहेब. लायनेलसाहेबांनी धर्मकोर्टात दंड भरला आणि मोकळे झाले. टॅमसिनकडे भरायला काही नव्हतं, म्हणून तिच्या वाट्याला चादर आली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

पुढच्याच रविवारी उभं राहायचं होतं. डॉर्कस गुरुवारी धुतलेले कपडे घेऊन पाद्रीसाहेबांकडे गेली, ती मागच्या दारी टोपली ठेवून थेट दिवाणखान्याच्या दाराशी. आत वाचन नुकतंच संपलं होतं. लुसिंडाला पावसात एका खेडेगावच्या चर्चमधून बाहेर काढलं होतं, आणि डॉक्टरच्या बायकोला तर हुंदका आवरत नव्हता.

"काय दगडाची माणसं असतील हो ती!" ती म्हणत होती. "एका लेकराच्या आईला!"

डॉर्कसला वाटलं, देवच पावला. ती आत गेली. "साहेब, माझ्या टॅमसिनला तेवढं चादरीत उभं करू नका. अजून उठून बसली की तिला घेरी येते. चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही."

लायनेलसाहेब पुस्तकाची पानं चाळू लागले.

"डॉर्कस, नियम म्हणजे नियम," पाद्रीसाहेब म्हणाले.

"पण आत्ता तुम्ही त्या लुसिंडासाठी..."

"लुसिंडाची गोष्ट वेगळी," मिसेस थर्लो मध्येच म्हणाल्या. "ती पश्चात्तापाने झिजतेय. अन्नाला शिवत नाही बिचारी."

"आमची पाव खाते, तेवढंच चुकलं म्हणायचं! अंगावर पाजतेय, बाईसाहेब. उपाशी राहून कसं चालेल तिला?"

"लुसिंडाचं मन नाजूक आहे. या मुलींना असं काही वाटत नसतं गं."

"लुसिंडा खोटी आहे, बाईसाहेब. टॅमसिन खरी आहे. आणि ज्यानं हे केलं तो तर इथं तुमचा चहा पितोय!"

"लायनेलसाहेबांनी दंड भरलाय," पाद्रीसाहेबांचा आवाज चढला. "कायद्याने त्यांचं प्रायश्चित्त झालं. तू आपलं धुणं बघ."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आणि हे तर कोरडेही नव्हते. भिजून चिंब झालेले पाषाण होते. डॉर्कसच्या अंगाची लाही लाही झाली. वाटेत तिला रडू आलं नाही. रडणाऱ्यांची तिला आता शिसारी आली होती.

"ठीक आहे," ती घरी येऊन टॅमसिनला म्हणाली. "साहेबांनी सांगितलंय धुणं बघ. बघूया."

शनिवारी दुपारी चर्चचा कारकून ओबडाया चादर न्यायला आला. डॉर्कसने त्याच्या हातात हातरुमालांची चळत ठेवली. शुभ्र, कडेने बारीक दुमडलेले, इस्त्री केलेले.

"हे काय? चादर कुठाय?"

"हीच चादर. जुनं कापड, भट्टीत विरलं. चर्चचा माल वाया कसा घालवू? चांगलं चांगलं तेवढं कापून, शिवून दिलंय. गुरुवारी बाईसाहेबांना लागतातच."

"अगं पण उद्या पोरगी काय गुंडाळून उभी राहणार?"

"ते मी कसं सांगू? मी आपली धुणंवाली."

कोर्टाच्या हुकमात पांढरी चादर म्हटलेलं होतं, तेव्हा चादरीवाचून प्रायश्चित्त होणार नव्हतं. ओबडाया दारोदार फिरला. गावात चादरींना तोटा नव्हता, पण एकही बाहेर येईना. ज्या कापडात पापीण उभी राहिली ते कापड पुन्हा पलंगावर घालायचं नाही, घातलं तर घराला लागतं, ही तिथली पक्की समजूत. डॉक्टरची बायको म्हणाली, आमच्या सगळ्या फाटक्यात. दुसरी म्हणाली, नवरा घरी नाही, त्याला विचारल्याशिवाय कशी देऊ? खुद्द मिसेस थर्लोंनी कपाटाची किल्ली सापडत नसल्याचं सांगितलं. रुमाल मात्र त्यांनी ठेवून घेतले. चांगलं कापड होतं.

रविवारी चर्च खच्चून भरलं. टॅमसिन बाळाला पोटाशी धरून मागच्या बाकावर बसली होती, मावशीला चिकटून. लायनेलसाहेब पुढच्या बाकावर होते.

पाद्रीसाहेबांनी घसा खाकरला. "प्रायश्चित्तासाठी एक चादर हवी आहे. कोणी धर्मकार्याला हातभार लावेल का?"

सगळ्यांची डोकी प्रार्थनेच्या पुस्तकात. तेव्हा मागून डॉर्कस उठली.

"साहेब, चादरींना काय तोटा? साऱ्या गावाच्या माझ्याकडेच धुऊन पडल्यात. कोणाची आणू तेवढं सांगा. डॉक्टरीणबाईंची आणू? तुमच्या बाईसाहेबांची आणू?"

"खबरदार!" मिसेस थर्लो किंचाळल्या. इतक्या मोठ्याने की बाळ दचकून रडू लागलं.

"मग लायनेलसाहेबांच्या पलंगावरची आणते," डॉर्कस म्हणाली. "तिची आणि आमच्या पोरीची ओळख आहे."

लायनेलसाहेबांची मान आधी तांबडी झाली, मग पांढरी. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि खोकल्यात लपवलं. पाद्रीसाहेबांनी घाईघाईने स्तोत्र सुरू करायला सांगितलं, आणि गाव कधी नव्हे इतक्या मोठ्याने गाऊ लागलं. टॅमसिनला त्या दिवशी कुणी उभं केलं नाही, पुढेही नाही; कारण तिच्यासाठी आपली चादर द्यायला त्या गावातलं एकही घर तयार झालं नाही.

डॉर्कसचं पाद्रीसाहेबांकडचं काम सुटलं. लायनेलसाहेब बाथ शहरी निघून गेले आणि कादंबरीचा राहिलेला भाग पाद्रीसाहेबांनीच वाचला. शेजारच्या गावची धोबीण कपडे पिवळे करून आणी. सुगी उलटेपर्यंत मिसेस थर्लोंनी दम धरला, मग एका सोमवारी मोलकरीण मुकाट्याने गाठोडं डॉर्कसच्या ओट्यावर ठेवून गेली.

टॅमसिनने गाठोडं सोडलं. वरच हातरुमाल होते, वाळून कडक झालेले. लुसिंडा शेवटी गेली असावी. एकाच्या काठावर त्या जुन्या बारीक खुणा तिच्या बोटाला लागल्या.

"मावशी, हे तर त्याच चादरीचे!"

"हो."

"आणि हे तोंडाला लावून रडतात त्या?"

"रडू दे," डॉर्कसने भट्टीखाली लाकूड सारलं. "अंगावर नाही घेतली, तोंडाला तर लागली! टाक आत."