तुरीतलं बिऱ्हाड

झाडांशी बोलणारी माणसं मी पाहिली आहेत. पण झाडाच्या पोटात राहणाऱ्यांची ख्यालीखुशाली विचारणारा माणूस सबंध मराठवाड्यात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं नशीब. बायकोचं ऐकून मीही त्यांना दाजीच म्हणतो. मुखेडच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. झाडाच्या आत जिवाणूंचं बिऱ्हाड असतं, ते झाडाला रोगातून वाचवतं, खतही कमी लागू देतं, हे ते समोर येईल त्याला सांगत. समोर बहुधा मीच येई. बाजारात वांग्यांचा भाव विचारायच्या आधी विचारत, "फवारणी किती केली? आतलं कोणी जितं ठेवलंय का?" भाजीवाल्या त्यांना लांबून पाहूनच टोपली झाकत.

त्यांच्या घरचा फ्रिज उघडणं धाडसाचं काम होतं. दुधाशेजारी काचेच्या बशा रचलेल्या, त्यांत जिवाणू वाढवायला ओतलेली घट्ट खळ. एकदा खरवस समजून मी चमचा उचललाच होता. "चमचा खाली," दाजी शांतपणे म्हणाले, "बिऱ्हाड हाय त्यात." त्यांची बायको, म्हणजे आमची अक्का, आतून म्हणाली, "खाऊ द्या की. त्यांच्याबी पोटात नांदू द्या कोणीतरी." झाडाच्या काडीचा काप बशीत ठेवण्याआधी दाजी तो स्पिरिटने धूधू धूत. बाहेरचं सगळं मेलं पाहिजे. "वरवरचे लई असतात," ते म्हणत, "आतलं कोण, ते धुतल्याबगर कळत न्हाई."

त्यांचा सगळा जीव अक्काच्या तुरीत. बी तिच्या माहेरचं. शेजारच्या वावरात मर रोगाने उभी तूर वाळून जाई, अक्काची तेवढी हिरवी राही. तिच्यातलं राखणदार बिऱ्हाड सापडलं, की गावोगावच्या बियाण्याला चोळायला देता येईल, हा दाजींचा ध्यास. तेवढ्यात अक्का आजारी पडली. लातूरच्या दवाखान्यात दोन हंगाम गेले. इकडे बशा वाळल्या, पेरणी हुकली. अक्का गेली तेव्हा बी उरलं होतं ते एका गाडग्यात, राखेत घालून ठेवलेलं.

अक्काच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला माणसं अंदाजापेक्षा जास्त आली. भाजी कमी पडली. बहिणीच्या दारातून कोणी उपाशी जाऊ नये म्हणून माझ्या बायकोने गाडग्यातली तूर राख धुऊन सगळीच्या सगळी कुकरला लावली. ताटात उसळ पडली तेव्हा दाजींनी एक दाणा बोटांत धरून बराच वेळ पाहिला.

"गाडग्यातली?"

"हाव दाजी, कमी पडलं म्हणून…" बायको म्हणाली.

"चांगली शिजलीय," ते म्हणाले आणि ताट स्वच्छ केलं. शिजल्यावर आतलं कोणी जगत नाही, हे त्या पंगतीत आम्हा दोघांनाच माहीत होतं. मीही ताट स्वच्छ केलं.

आता अक्काच्या तुरीचं घरात एकच उरलं होतं: तिने तुराट्या बांधून केलेला खराटा. दाजी त्यातली एकेक काडी उपसत, धूत, तिचे काप बशीत ठेवत. भेटायला येणारे हळूहळू थांबले. मी दर रविवारी जाई. बशी कोरीच असे.

"वाळलेलं लाकूड ते, दाजी."

"हाव. पण राहिलं आसंल की कोणी कोपऱ्यात."

गेल्या रविवारी खराटा मुठीत मावेल एवढा उरला होता. दाजींनी स्पिरिटची बाटली उघडून ठेवली आणि काड्यांभोवतीची चिंधी सोडायला घेतली. गाठ सुटेना. अक्काची गाठ पहिल्यापासून घट्ट. त्या गाठीवरून ते नुसतं बोट फिरवत राहिले. मग त्यांनी बाटलीला बूच लावलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "वरून तिचा हात फिरलाय ह्याच्यावर. धुवायचं न्हाई हे."

आणि अक्का ठेवायची तसा तो खराटा त्यांनी दाराआड उभा करून ठेवला.