रातच्या लाईटीचा आठवडा

मी परदेशातून घरी निघाले तेव्हा विद्यापीठातल्या एका मुलीने मला फोनवर सूचना पाठवल्या होत्या. लांबच्या विमानप्रवासाची तिला सवय होती. विमानात बसल्याबरोबर घड्याळ तिकडच्या वेळेला लावायचं, पाणी पीत राहायचं. उतरल्यावर दिवसा अजिबात झोपायचं नाही, उन्हात फिरायचं, तिकडच्या वेळेला जेवायचं. म्हणजे जेट लॅग लवकर जातो. शेवटी तिने लिहिलं होतं, काळजी घे. तिला माहीत होतं की मी वडिलांसाठी, आप्पांसाठी चालले आहे, आणि आप्पा आता नाहीत.

मी घड्याळ लावलं. काटे पुढे सरकवताना मनात एक विचित्र हिशेब आला, तो अजून जात नाही. आप्पा कोरीटला, आमच्या गावी, सकाळी गेले. माझ्याकडे तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ होती आणि मी मेसमध्ये कोणाच्या तरी विनोदावर हसत होते. म्हणजे माझ्या घड्याळात आप्पा गेले ती सकाळ अजून उजाडलीच नव्हती. हे कोणाला सांगावं असं वाटलं नाही. शेजारच्या माणसाने खिडकीचा पडदा खाली ओढला आणि मी डोळे मिटून पडून राहिले. झोप आली नाही, रडूही आलं नाही.

मायशी बोलणं झालं होतं ते विमानात बसण्याआधी. फोनवर तिचा आवाज कोरडा होता. ती म्हणाली, "तू ये बेटा. तू वनी का मंग मी रडसू. आते माले रडता बी येत नही." अंत्यसंस्कार माझ्यासाठी थांबणार नव्हते, थांबवूही नयेत. पण तिचं रडणं माझ्यासाठी थांबलं होतं. सगळा प्रवास मी ते एक ओझं घेऊन बसले होते.

मुंबई, मग सुरत, मग भुसावळ लाईनची गाडी. नंदुरबार स्टेशनवर काका मोटरसायकल घेऊन आले होते. त्यांनी माझी बॅग पुढे घेतली.

आमच्याकडे बाहेरगावची लेक बापाच्या दुःखाला आली की गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढून रडत येते. तो आवाज ऐकून घरातल्या बायका बाहेर येतात, तिच्या गळ्यात पडतात आणि मग सगळं घरदार रडतं. लहानपणापासून मी हे पाहिलं आहे. मी गल्लीत उतरले तेव्हा बायका ओट्यावर उभ्याच होत्या. माझा आवाज निघाला नाही. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं होतं आणि पायाखालची जमीन विमानासारखी हलत होती. मी ओट्याजवळ गेले आणि म्हणाले, "पाणी."

रनाळ्याची फुई, म्हणजे आप्पांची मोठी बहीण, माझ्या गळ्यात पडून रडली. मग मागे सरून तिने माझं तोंड पाहिलं. "इतली शिकनी नि रडाले ईसरी गयी का वं माय?"

मागून शेजारची काकू म्हणाली, "इमानमा रडी लिधं व्हई तिनी."

माय आत भिंतीला टेकून बसली होती. तिचं कपाळ मोकळं होतं. मी तिच्या शेजारी बसले, तिने माझा हात हातात घेतला. ती वाट पाहत होती हे मला कळत होतं. बायका आमच्याभोवती बसल्या, कोणी तरी सूर लावला. आणि मी, मला हे लिहितानाही कसंतरी होतं, मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि झोपून गेले.

त्यानंतरचे दिवस असेच गेले. दुःखाच्या घरी लोक दिवसा बसायला येतात. सकाळी पुरुष ओट्यावर, दुपारी बायका आत. नवीन कोणी आलं की घरच्यांनी पुन्हा रडायचं, पुन्हा सगळं सांगायचं. कसं झालं, छातीत कळ कधी आली, डॉक्टर काय म्हणाला. माय प्रत्येकीला सांगायची, पण कोरड्या आवाजात, धडा म्हणून दाखवावा तसं. तिचे डोळे मधूनमधून माझ्याकडे वळायचे. आणि मी बसल्या बसल्या पेंगत असायचे.

मी प्रयत्न केला, खरंच केला. त्या मुलीच्या सूचना आठवून पाहिल्या. उन्हात फिरा, तर सुतकातल्या घरची लेक गावातून फिरते कुठे? वेळेवर जेवा, तर आमची चूल पेटत नव्हती. भाऊबंदांकडून डबे येत आणि येतील तेव्हा जेवण. चहाही शेजारून किटलीत यायचा, अर्धा कप, साखरेने घट्ट. तो पिऊन उलट जास्त गुंगी यायची. मी दंडाला चिमटे काढायचे. तरी दुपार झाली की कोणीतरी आतून दिवा मालवल्यासारखं व्हायचं.

"बाप मरना नि अंडेर घोरी ऱ्हायनी," फुई एकदा सरळ म्हणालीच. अंडेर म्हणजे लेक.

मी म्हणाले, "फुई, तठे आते रात शे."

"तठे व्हई. आठे तं दिन शे ना?"

बायका हसल्या. दुःखाच्या घरात असं हसू येतं आणि लगेच पदराआड जातं. माय हसली नाही. त्या संध्याकाळी बायका गेल्यावर ती हळूच म्हणाली, "उद्या तरी जागी ऱ्हाय बेटा. लोके काय म्हनतीन?" मला वाटलं, तिला लोकांचं काही नव्हतं. आपण दोघींनी बसून एकदा रडावं, एवढंच तिला हवं होतं. ते तिला मागता येत नव्हतं आणि मला देता येत नव्हतं.

दिवसा येणारी झोप रात्री यायची नाही. पुढच्या खोलीत आम्ही सगळ्या ओळीने झोपायचो. सगळ्यांचे श्वास संथ चालायचे आणि माझे डोळे टक्क उघडे. आप्पांचा फोन कोनाड्यात चार्जरला लावलेला होता, कारण ज्यांना कळलं नव्हतं त्यांचे फोन अजून त्यावर येत होते. दिवसभर काका ते घ्यायचे आणि प्रत्येकाला तेच सांगायचे.

एका रात्री तो फोन वाजला. घरात मीच जागी होते म्हणून पहिल्या रिंगला उठले. पडद्यावर नाव होतं, मोटर.

शेतावरच्या विहिरीच्या मोटरला आप्पांनी मोबाईल स्टार्टर बसवला होता. शेतीची लाईट आमच्याकडे एक आठवडा दिवसाची असते, एक आठवडा रात्रीची. रात्रीची कधी येईल याचा भरवसा नसतो. म्हणून स्टार्टर ऑटोवर ठेवायचा. लाईट आली की मोटर आपली आपण सुरू होते आणि मालकाला फोन करून सांगते. रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज असतो. मी सुट्टीत घरी असायचे तेव्हा हा फोन यायचा आणि आप्पा अंथरुणात उठून बसत आणि तिला म्हणत, "हा बाई, येस, येस. निंघनू." येस म्हणजे येतो.

माय कूस बदलून म्हणायची, "मशीन शे ती. ती तुमनं ऐकत नही."

"तू बी कोठे ऐकस मन्हं?" म्हणत आप्पा बॅटरी शोधायचे.

मी फोन कानाला लावला. "मोटर चालू झाली आहे," ती बाई म्हणाली. तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

दिवसाची लाईट होती तोवर काका शेतावर जाऊन मोटर तेवढी बंद करून येत होते, पाणी भरायला कोणाला सवड नव्हती. आठवडा बदलला, आता रात्रीची लाईट लागली, हे एवढ्या माणसांत कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आप्पांनी ऑटोवर ठेवलेलं बटण तसंच राहिलं होतं.

"कोना फोन शे वं?" अंधारातून मायचा आवाज आला.

"मोटर, माय."

ती अंथरुणात उठून बसली. मग म्हणाली, "रातनी लाईट लागनी का? ध्यानमाच नही ऱ्हायनं."

मी म्हणाले, "फोनवरूनच बंद करता येते. करू का?"

"गहू सुकी जाई," ती म्हणाली. मग, "आर्धं वावर बाकी व्हतं त्यासनं."

"मी जास," मी म्हणाले. मला तशीही झोप येणार नव्हती.

मायने ओट्यावर झोपलेल्या काकांना उठवलं. काका गोंधळले. "सुतकमा? आन् हाई जाई?"

"गव्हाले काय सुतक?" माय म्हणाली. तिने आप्पांची बॅटरी आणून माझ्या हातात दिली आणि त्यांचा मफलर माझ्या कानाला बांधला. "बूट घाल. इचू-काटा ऱ्हास."

मोटरसायकलवर काका म्हणाले, "तुले जमी का? तठे कॉम्प्युटरमा पानी भरतस का?" पण आवाजात टोमणा नव्हता. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, एवढंच. शेतावर पोचल्यावर त्यांनी बांधावर काटक्या पेटवल्या, मला चार गोष्टी सांगितल्या आणि शेकता शेकता बसल्या जागी डुलकी घेऊ लागले. त्या दिवसांत ते कोणापेक्षाही कमी झोपले होते.

पाटातून पाणी वाहत होतं, पण एकाच वाफ्यात साचून पलीकडे फुटलं होतं. मी बॅटरीच्या उजेडात पुढे गेले. गहू घोट्याएवढा होता. एका ठिकाणी फावडं मातीत रोवलेलं उभं होतं. त्याच्या अलीकडचे वाफे भिजून वाळलेले, वर पापुद्रा धरलेला. पलीकडचे कोरडे. आप्पा इथे थांबले होते.

मी लहान असताना त्यांच्याबरोबर रात्री यायचे. माझं काम बॅटरी धरायचं. आप्पा फावड्याने वाफ्याचं तोंड फोडायचे, पाणी आत शिरायचं, वाफा भरला की चार ढेकळं टाकून तोंड बंद करायचे आणि पुढच्याला जायचे. मी उजेड बरोबर त्यांच्या हातावर पाडायचे. माझा हात हलला तर म्हणायचे, "झोपनी का?" दहावीपर्यंत मी हे केलं असेल. मग मी शिकायला पुण्याला गेले आणि तिथून आणखी लांब.

आता मी फावडं उपसलं आणि माझ्या लक्षात आलं की फावड्याला दोन्ही हात लागतात. बॅटरी कुठे धरायची? काखेत धरली तर उजेड भलतीकडे जायचा. बांधावर ठेवली तर पुरायचा नाही. शेवटी ती दातात धरायला तोंडाजवळ नेली, तेव्हा ओठाला कापड लागलं. बॅटरीच्या मागच्या टोकाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून दोऱ्याने घट्ट शिवलेली होती. चिंधीवर दातांचे खोल वण होते. वर्षानुवर्षांचे.

मी ती दातात धरली. माझे दात त्या वणांत बसले नाहीत, त्यांचा जबडा मोठा होता. उजेड बरोबर हातावर पडला.

मग मला रडू आलं. तोंडात बॅटरी असताना नीट रडता येत नाही. नाकातून कसलासा आवाज यायचा आणि उजेड सगळ्या गव्हावर थरथरायचा. पाणी मात्र थांबत नव्हतं, ते पायावरून पुढे चाललं होतं, म्हणून मी वाफ्यांची तोंडं फोडत राहिले आणि बंद करत राहिले. विमानात बसल्यापासून पहिल्यांदा मला आता किती वाजले असतील, इथे किंवा तिथे, हा प्रश्न पडला नाही. रात्र होती आणि रात्रीचं काम होतं.

उजाडायच्या सुमाराला लाईट गेली. फोन काकांजवळ होता. बाईने मोटर बंद झाल्याचं सांगितलं तेव्हा ते दचकून जागे झाले. त्यांनी भिजलेलं वावर पाहिलं, माझं तोंड पाहिलं आणि फावडं माझ्या हातातून घेतलं.

घरी माय मागच्या दारात पाण्याची बादली घेऊन बसली होती. ती माझ्या पायावर पाणी ओतू लागली. चिखल गार होता. मी तिच्यापुढे बॅटरी धरली.

"माय, ही चिंधी?"

"मीच बांधी दिधी." ती पाणी ओततच होती. "दात दुखेत त्यासना. थंडीमा लोखंड लागे."

"कव्हय?"

"तू पुन्याले गयी तव्हय."

तिने बादली खाली टेकवली. तिने बॅटरी घेतली, चिंधीवर अंगठा फिरवला आणि मग तिच्या तोंडून तो आवाज निघाला जो इतके दिवस अडकून होता. मी तशीच चिखलाच्या पायांनी तिच्याजवळ खाली बसले. बायका आतून उठून आल्या, पण फुईने हात आडवा धरून सगळ्यांना दारातच थांबवलं. आम्ही दोघीच रडलो.

त्यानंतर कधीतरी मी अंथरुणावर पडले असेन. अर्धवट झोपेत मला ऐकू आलं, दुपारच्या बायका आल्या होत्या. कोणीतरी परक्या आवाजाने विचारलं, "हाई शे का ती अंडेर? दिनभर झोपी ऱ्हास म्हनतस ती?"

लहानपणी आप्पा रात्रभर पाणी भरून आले की सकाळी ओट्यावर खाट टाकून झोपत. आम्ही पोरं गल्लीत ओरडलो की माय दारात येऊन एकच वाक्य म्हणायची. त्या वाक्यावर आमच्या गावात कोणी वाद घालत नाही. सगळ्यांच्याच घरी कोणी ना कोणी तसा झोपलेला असतो.

"रातभर पानी भरी वनी ती," माय म्हणाली. आवाज अगदी तसाच, दबका. "झोपू द्या तिले."

"मंग झोपू दे, झोपू दे," फुई घाईने म्हणाली. "मन्हा भाऊ बी असाच झोपे."

कोणीतरी खिडकीवर साडी टाकली, अंधार झाला. बायका हलक्या आवाजात रडत होत्या, मला जाग येऊ नये म्हणून. आप्पा गेल्यानंतरची ती पहिली शांत झोप मला लागली.