गेलो गं!

चेनवाल्या काकूंना व्हिडिओ गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण एका गेममध्ये त्यांचा नवरा आहे. हसू नका, खरंच आहे!

काकू पँटींच्या चेन बदलून देतात, म्हणून हे नाव. नवरा वायरमन. लग्न नवं होतं तेव्हा तो एका गेम बनवणाऱ्या कंपनीत दिवे बसवायला गेला आणि काकू डबा घेऊन तिथे पोचल्या. साहेब शिडीवर. बायकोला बघून रुबाब दाखवायला गेले आणि पाय घसरला. "गेलो गं!" खाली सोफा होता म्हणून वाचला, पण टेबलावरचा माइक चालूच होता. तिथली पोरं हसून लोळली आणि ती हाक त्यांनी जशीच्या तशी गेममध्ये घातली. टोपीवाला बुटका टोप्या खड्ड्यात पडला की ओरडायचा, "गेलो गं!"

पुढे वायरमन खरंच गेला, झोपेत, एक हाकसुद्धा न मारता. घरात त्याचे फोटो होते, आवाज मात्र फक्त टोप्याकडे. मुलीचा जुना गेम टीव्हीला जोडून काकू रोज टोप्याला मुद्दाम खड्ड्यात घालायच्या.

"आई, कधीतरी पुढे जा की!" मुलगी म्हणायची.

पुढे जाऊन काय करायचं होतं त्यांना?

मग गेमचं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीवाल्याने आतून गंजलेली कॅसेट बघितली आणि हात टेकले. तेवढ्यात बातमी आली, टोप्या परत येतोय! एका सरबताच्या कंपनीशी हातमिळवणी करून. जुन्या गेमचे व्हिडिओ गेमवाल्या कंपनीने नेटवरून सगळीकडून काढून टाकले. मुलीने नवा गेम फोनवर घेऊन दिला. टोप्या चकचकीत, टोपीवर बाटलीचं चित्र. काकूंनी त्याला खड्ड्यात घातला.

"एक घोट, टवटवीत!" टोप्या ओरडला.

"मेल्यांनो, तुमच्या सरबतात माशी पडो," काकू म्हणाल्या आणि रडल्या.

चाहत्यांच्या ग्रुपवर रण माजलं होतं. "टोप्या बाटलीला विकला!" "जुने चौकोनी ठोकळेच गोड होते." "फुकट मिळतोय ना? मग घ्या की गपगुमान!" एक जण बाटलीच्या झाकणात निघणारी टोप्याची सोनेरी टोपी मिळावी म्हणून सरबत पिऊन पिऊन आजारी पडला, तरी अंथरुणातून शिव्या घालतच होता. आवाजावर मात्र सगळ्यांचं एकमत, "गेलो गं" परत हवं. ते "गं" नेमकं कुणाला, यावरही जुना वाद होता. बहुतेकांच्या मते गेममधल्या राजकन्येला.

"सांगू का त्यांना?" मुलीने विचारलं.

"नको गं बाई, राहू दे त्यांची राजकन्या," काकू लाजून म्हणाल्या.

शेवटी कंपनी नमली. "तुमचं ऐकलं!" असं तिने जाहीर केलं. काकूंनी हातातली पँट टाकली आणि फोन ओढला.

"गेलो गं!"

तो नव्हता. मूळचा तुकडा कंपनीलाच सापडला नाही म्हणे, म्हणून कुणा कलाकाराकडून म्हणवून घेतलं होतं. वायरमनच्या "गेलो"मध्ये खरी भीती होती, आणि "गं"पर्यंत येईतो त्याचं त्यालाच हसू फुटलं होतं. हा नुसताच पडत होता.

मुलीला राहवलं नाही. "हा तो आवाज नाही. तो माझ्या बाबांचा होता," तिने ग्रुपवर लिहिलं.

"हुबेहूब तर आहे!" "ताई, कान साफ करा." "माझ्याही बाबांचाच होता," आणि खाली हसरे चेहरे. एकाने मात्र मनापासून लिहिलं, लहानपण परत मिळालं, डोळे भरून आले. आता त्या बिचाऱ्याशी काय भांडणार?

काकू इरेला पेटल्या. रोज टोप्याला पाडायचं आणि चूक काढायची. "बघ, इथे त्याचा आवाज असा वर जायचा."

"असा म्हणजे कसा गं, आई? म्हणून दाखव ना."

काकूंनी म्हणून दाखवलं. निघाला तो कलाकाराचा आवाज. त्यांनी घसा खाकरून परत म्हटलं. परत तोच.

"थांब हं, आठवतं," म्हणत काकू डोळे घट्ट मिटून बसल्या. मुलीने हळूच फोन बंद केला. काकू अजून आठवत होत्या.