येते म्हणजे कधी?

गिरगावची चाळ सोडून आम्ही मीरा रोडला, सिल्व्हर पार्कात राहायला आलो, ती दोन हजार तीन-चारची गोष्ट. समोरच्या फ्लॅटमध्ये लखनौकडच्या एक बाई राहायच्या. आम्ही त्यांना आपा म्हणायचो. पहिल्याच सकाळी त्यांनी किंचित वाकून उजवा हात कपाळाशी नेला. "सर में दर्द है क्या?" म्हणत माझ्या आईने लगबगीने बामची बाटली आणून दिली. तो आदाब होता! आपा इतक्या सभ्य, की त्यांनी बाम लावून घेतला.

त्यावरून दोघींची गट्टी जमली. बाबा सकाळी जायचे ते रात्रीच उगवायचे, आणि मी कॉलेजात, म्हणजे आईशी दोन शब्द बोलणंही कमीपणाचं वाटायचं असल्या वयात. त्यामुळे आपा म्हणजे आईचा अख्खा दिवस. पॅसेजमध्ये उभ्या उभ्या तासन्‌तास गप्पा चालायच्या. निघताना आई आपल्या मराठीचं हिंदी करून म्हणायची, "अच्छा, आती हूँ."

दोन वर्षांनी एक दिवस आपांचं दार बंद झालं, ते आठवडाभर उघडलंच नाही. आई कडीचा आवाज ऐकायला दाराआड उभी राहायची. जेवणही तिला जाईना. "माझं काय चुकलं गं?" हे मला दिवसातून दहादा. शेवटी वैतागून मीच बेल वाजवली.

आपा म्हणाल्या, "तुम्हारी अम्मी रोज़ कहती हैं, आती हूँ. मैं चाय चढ़ाती हूँ. वो आती नहीं."

हात्तिच्या! मला हसूच फुटलं. मग मी व्याख्यान झोडलं. आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, अशुभ असतं, म्हणून 'येते' म्हणायचं, त्याचा अर्थ 'निघते' एवढाच, वगैरे वगैरे. संस्कृतीचा सगळा मक्ता माझ्याकडेच होता जणू.

आपांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बेटा, इतनी मराठी तो मैं छह महीने में समझ गई थी. पर दो साल हो गए. एक बार आ भी जातीं."

ईदच्या शेवया आमच्याकडे यायच्या, आई हसून घ्यायची आणि भांडीवालीला देऊन टाकायची. हे मला ठाऊक होतं. मी कधी चकार शब्द काढला नव्हता.

घरी आले तर आई दारातच. "काय म्हणाल्या?"

"चहाला बोलावलंय. आत्ता."

तिचा चेहरा आधी उजळला, मग पडला. "आज नको गं. उपास आहे माझा."

मला तिचा राग आला, आणि तितकीच कीवही.

"आई, उपासाला चहा चालतो."

ती स्वयंपाकघरात गेली आणि खरंच साबुदाणा भिजत घातला.